निलगिरी : ओले लाकूड सुके म्हणून विकू नका

निलगिरीचे लाकूड फाटते, वाकते, खिळा घेत नाही, अशी तक्रार दुधनी-अक्कलकोट भागातील सुतार बांधव नेहमी करतात. दुसरीकडे सागवान सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात राहिलेले नाही, बाभळीत सरळ आणि लांब तुकडा क्वचित निघतो, आणि तयार लोखंडी व प्लॅस्टिकच्या दारांनी सुतारकाम घटवले आहे. अशा वेळी बांधावर उभे असलेले जड, मजबूत लाकूड कागद कारखान्याला किंवा भट्टीला टनाच्या भावाने जाते, हे कारागिराचे आणि शेतकऱ्याचे दोघांचेही नुकसान आहे. आमचे स्पष्ट मत असे की, या लाकडाची बदनामी मुख्यतः आपल्या घाईमुळे झाली आहे.

या झाडाचे मूळ ऑस्ट्रेलियात आहे. आपल्या देशात ते प्रथम टिपू सुलतानने 1790 च्या सुमारास म्हैसूर राज्यातील नंदी डोंगरावर लावले, असे मानले जाते. त्याच झाडांच्या बियांपासून पुढे 'म्हैसूर गम' ही जात देशभर पसरली. महाराष्ट्रात 1980 च्या दशकात शेतकऱ्यांनी निलगिरी मोठ्या प्रमाणावर लावली आणि नाशिक जिल्ह्यात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. व्यापाऱ्याच्या एकतर्फी भावावर अवलंबून न राहता माल स्वतः विकावा, हा त्यामागचा हेतू होता.

निलगिरीच्या शेकडो जाती आहेत आणि सर्वांचे लाकूड सारखे नसते. वजनावरून फरक चटकन कळतो. एक घनफूट पाणी सुमारे 28 किलो भरते. सुके सागवान घनफुटाला 18 किलोच्या आसपास, ऑस्ट्रेलियातील 'जार्रा' नावाची निलगिरी 23 किलोच्या आसपास, तर तिथलीच 'आयर्नबार्क' 31 किलोपर्यंत जाते. म्हणजे ती सुकी असूनही पाण्यात बुडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जार्राचे स्लीपर जहाजाने हिंदुस्थानात रेल्वेसाठी येत असत. लंडनच्या रस्त्यांवरही याच लाकडाचे ठोकळे बसवले गेले. वाळवी त्याला सहसा लागत नाही.

मात्र जार्राचे गुण आपल्या बांधावरच्या पाच-सात वर्षांच्या झाडाला चिकटवू नयेत. कोवळ्या झाडात बाहेरचा फिकट भाग जास्त असतो. त्याला भुसा पाडणारा किडा लागतो आणि जमिनीत पुरल्यास वाळवी खाते. जाड बुंध्याच्या, जुन्या झाडाचा लालसर गाभा हेच सुतारकामाचे खरे लाकूड होय.

आता फाटण्याविषयी. निलगिरीचे झाड वाढताना खोडात मोठा ताण साठतो. कुऱ्हाड पडताच तो सुटतो आणि ओंडक्याची तोंडे उकलतात. शिवाय ताज्या लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असते. ते उडून जाताना लाकूड आकसते. जार्रासारखे लाकूडसुद्धा रुंदीत सुमारे 7 टक्के आकसते. म्हणजे दहा इंची ओली फळी सुकल्यावर पाऊण इंचाच्या आसपास कमी होऊ शकते. अशा फळीचे दार मार्चमध्ये बसवले तर मे महिन्यात सांधे उघडे पडणारच. सोलापूरची कोरडी हवा आणि कडक ऊन ओल्या फळीला सवड देत नाहीत.

उपाय अवघड नाहीत. तोड झाल्याबरोबर ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा जाड रंग लावावा. ओंडका वाळत न ठेवता लवकर चिरून घ्यावा. फळ्या उन्हात न टाकता सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच रचाव्यात. प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या सुक्या पट्ट्या एकाखाली एक ठेवाव्यात आणि वरून वजन द्यावे. फिकट भागाला बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे पाणी पाजावे. एक इंची फळीला काही महिने लागतात, जाड चौकटीला त्याहून बरेच जास्त. खिळ्याआधी गिरमिटाने भोक पाडावे. डिंक लावायचा असेल तर त्याच दिवशी रंधा मारलेल्या पृष्ठावर लावावा.

लाकूड सुकले की नाही हे ओळखण्यासाठी अंदाज नको, काटा वापरावा. फळीच्या मधून एक तुकडा कापून तोलावा, भट्टीत मंद आचेवर, न जळू देता, वजन उतरायचे थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा तोलावा. 750 ग्रॅमचा तुकडा 500 ग्रॅम झाला तर 250 ग्रॅम पाणी होते, म्हणजे ओल 50 टक्के. 560 चा 500 झाला तर ओल 12 टक्के, असे लाकूड कामाला घ्यावे.

असे सुकवलेले निलगिरीचे लाकूड चौकट, पलंगाचे पाय, टेबल-बाकडे, कुऱ्हाड-टिकावाचे दांडे, हातगाड्यांचे सांगाडे यांना उत्तम चालते. रुंद फळीच्या कामाला ते टाळावे.

येथे प्रश्न इमानाचा येतो. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतून बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. दुधनी हे धान्याच्या पेठेचे गाव आहे. तुरीच्या पोत्यात ओल निघाली तर भाव किती पडतो, हे इथल्या प्रत्येक अडत्याला ठाऊक आहे. मग लाकडाच्या ओलीबद्दल गप्प का बसायचे? ओली फळी सुकी म्हणून देणे किंवा निलगिरीला रंग चढवून सागवानाचे पैसे घेणे, ही त्याच ढिगाची गोष्ट आहे.

पण सुकवणीत भांडवल अडकते आणि हातावर पोट असलेला सुतार इतके महिने थांबू शकत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी आपल्याकडे मुदारबाची रीत आहे. व्यापाऱ्याने पैसा आणि हंगामानंतर रिकामे पडणारे गोदाम द्यावे, कारागिराने निवड, रचणी आणि राखण करावी. नफा आधी ठरलेल्या हिश्श्याने वाटावा. कारागिराचा हलगर्जीपणा नसेल तर तोटा भांडवलवाल्याने सोसावा, कारागिराची मेहनत गेली हाच त्याचा तोटा. यात व्याज नाही आणि दोघांनाही माल नीट सुकावा असेच वाटेल.

निलगिरीची नवी लागवड करा, असे आम्ही सुचवत नाही. हे झाड जमिनीतील पाणी ओढते, ही तक्रार जुनी आहे. शेजारच्या कर्नाटक सरकारने तर 2017 मध्ये नव्या लागवडीवर बंदी घातली. आपला तालुकाही पाण्याला महाग आहे. आमचे म्हणणे उभ्या झाडांपुरते आहे.

वखारवाल्या बांधवांना आमची एकच सूचना आहे. प्रत्येक थप्पीवर चिराईची तारीख खडूने लिहा आणि ओल्या मालाचा व सुक्या मालाचा भाव वेगळा सांगा. सुक्याला चार पैसे जास्त मागायला लाजू नका, कारण ते महिने तुम्ही खरेच थांबलेले असाल. गिऱ्हाइकानेही तारीख विचारायची सवय लावून घ्यावी. एवढे झाले तर निलगिरीचे नाव सुधारेल आणि सुताराच्या रोजीत, इन्शाअल्लाह, बरकत येईल.