बोलणारी आणि लिहिणारी

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २६ ऑगस्ट २०२० रोजी स्त्रीहक्कांच्या तीन अग्रणींचे ब्राँझशिल्प उभे राहिले. मेजाशी सोजर्नर ट्रूथ बोलत आहेत, सुझन अँथनी उभ्या आहेत, एलिझाबेथ स्टँटन लिहीत आहेत. मूळ आराखड्यात ट्रूथ नव्हत्याच. टीका झाल्यावर २०१९ मध्ये या कृष्णवर्णीय स्त्रीला जागा मिळाली. या दुरुस्तीचे आम्ही स्वागतच करतो. तरीही स्टँटन यांच्या हातातील लेखणी आम्हांस अस्वस्थ करते.

ट्रूथ निरक्षर होत्या. १८५१ मधील त्यांचे गाजलेले भाषण फ्रान्सिस गेज यांनी बारा वर्षांनी प्रसिद्ध केले, तेही दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीत. वास्तविक ट्रूथ यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला आणि पहिली भाषा डच. १८५१ मध्येच छापलेल्या वृत्तांतात त्या बोलीचा मागमूस नाही; पण लोकप्रिय झाला तो गेज यांचा पाठ.

शिल्पातील मांडणी सख्याची आहे. मात्र एकीने बोलावे आणि दुसरीने लिहावे, यातील विषमता सख्याने मिटत नाही. मौखिक साहित्य शिकवताना आपण वक्त्याचे नाव सांगतो. लिहून घेणाऱ्याचे नाव, वर्ग आणि वर्षही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे, असे आम्हांस वाटते.