कौल न लागलेली गाणी

मालवण-कुडाळच्या पट्ट्यात गाण्याचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालते. भाद्रपदात चतुर्थीची भजने, कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार, फाल्गुनात शिमगा. मुंबईचा चाकरमानी गावी येतो तो याच सुमारास आणि नव्या गाण्याला श्रोता मिळतो तोही याच सुमारास. त्यामुळे येथील भजनीबुवा किंवा मालवणी गीतांचा गायक आपले ध्वनिमुद्रण ज्येष्ठ-आषाढात पूर्ण करतो आणि ते चतुर्थीपूर्वी लोकांच्या कानी पडावे, अशी अपेक्षा धरतो. चतुर्थी हुकली की उशीर पंधरा दिवसांचा राहत नाही, तो वर्षाचा होतो. पुढच्या वर्षी कंपनीच्या यादीत नवी नावे आलेली असतात आणि जुने गाणे आणखी एका वर्षासाठी मागे सरकते.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या चित्रपटामुळे सिंधुदुर्गातील लोककलेकडे शहरी प्रेक्षकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. हे कौतुक स्वागतार्ह असले, तरी कलेचे कौतुक आणि कलावंताचे हित या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गाऊन झालेले, मिश्रण होऊन तयार असलेले गाणे ध्वनिमुद्रिका कंपनीकडे वर्षानुवर्षे पडून राहते तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

किंमत मोजतो तो कलावंतच. डबलबारीच्या बुवाला ध्वनिमुद्रणातून मिळणारे मानधन बहुधा एकदाच मिळते आणि ते फार नसते. त्याचे खरे उत्पन्न सुपाऱ्यांवर अवलंबून असते. नवे भजन गाजले की गावोगावची मंडळे बोलावतात आणि त्या बोलावण्यावर बुवाबरोबर पखवाजवाला, झांजवाला आणि कोरस धरणारी मंडळीही जगतात. भजन निघालेच नाही, तर त्या हंगामाच्या सुपाऱ्याही जातात. शिवाय भजनातील काही भाग टिकाऊ असतो, काही नसतो. अभंग जुना होत नाही. गजर मात्र अनेकदा त्या वर्षी गाजणाऱ्या चित्रपटगीताच्या चालीवर बांधलेला असतो. दोन वर्षांनी तो बाहेर आला तर श्रोत्याला शिळा वाटणारच. आणि गळा काही कोणाची वाट पाहत नाही. पन्नाशीतला बुवा पंचावन्नाव्या वर्षी तेच भजन त्याच जोमाने गाऊ शकेलच, असे नाही.

यंत्राचा उशीर

गाणे आणि श्रोता यांच्यातील हे अंतर आपल्याकडे ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासून आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग याने कोलकात्यात गौहर जानसह अनेक कलावंतांची ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा भारतात तबकडी छापण्याची सोय नव्हती. मुद्रणे जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला गेली, तेथे तबकड्या तयार झाल्या आणि पुढच्या वर्षी त्या भारतात विक्रीला आल्या. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदा येथे कारखाना निघाला, पुढे डमडमला मोठा कारखाना उभा राहिला. तरीही मुंबईत गायलेल्या गाण्याला तबकडी होण्यासाठी कोलकात्याची फेरी चुकत नव्हती. तो उशीर यंत्राचा आणि प्रवासाचा होता. त्याबद्दल कोणाला जाब विचारण्यात अर्थ नव्हता.

सिंधुदुर्गाच्या कलावंताला त्यावर आणखी एक अंतर कापावे लागले. सावंतवाडी परिसरात जन्मलेले रामकृष्णबुवा वझे असोत की कुडाळजवळच्या सोनवड्याचे संगीतकार वसंत देसाई असोत, गाणे या मातीतले असले तरी ते ध्वनिमुद्रित करायचे की नाही, याचा निर्णय दूरच्या शहरात होत असे. वझेबुवांचे १९४५ मध्ये निधन झाले. त्यांच्या हयातीत तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या प्रसिद्ध झाल्या म्हणून आज त्यांच्या गायकीचा काही अंदाज तरी बांधता येतो. प्रसिद्ध झालेले तुटपुंजे असले तरी टिकते. कपाटात राहिलेले विपुल असले तरी त्याचा भरवसा नसतो.

१९८० च्या दशकात कॅसेटने हे चित्र पालटले. छोट्या भांडवलावर छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि कोकणातील भजन, दशावतारी नाट्यगीत, मालवणी प्रहसन एसटीच्या स्थानकावरील दुकानापर्यंत पोहोचले. पण कॅसेट छापण्याला आणि साठवण्याला पैसा लागत होता. ज्या मालात पैसा अडकला आहे तो विकण्याची घाई मालकालाच असते. ही घाई कलावंताच्या पथ्यावर पडत होती.

निर्णयाचा उशीर

आज परिस्थिती उलट झाली आहे. गाणे म्हणजे संगणकावरील एक धारिका. ती इंटरनेटवरील सेवांकडे पाठवून जगभर उपलब्ध करण्यास काही दिवस पुरतात. कारखाना नाही, जहाज नाही, गोदाम नाही. असे असताना उशीर नाहीसा व्हायला हवा होता. तो नाहीसा झाला नाही, कारण न काढलेले गाणे सांभाळण्याचा खर्चही जवळपास शून्यावर आला. कंपनीच्या दृष्टीने शंभर गाण्यांचे हक्क घेऊन दहाच प्रसिद्ध करणे आणि नव्वद ठेवून देणे यात फारसे नुकसान नाही. उद्या त्यांपैकी एखाद्या गायकाचे नाव झाले, तर ठेवलेल्या गाण्याचे सोने होईल. नाव झाले नाही, तर काही बिघडत नाही. ज्याचे बिघडते तो करार करून मोकळा झालेला असतो.

या उशिराला काही समजण्यासारखी कारणेही आहेत. आता गाण्याबरोबर चित्रीकरण लागते आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने बाहेर चित्रीकरण करणे कठीण असते. पारंपरिक पदावर आधारलेल्या रचनेचे शब्द कोणाचे आणि चाल कोणाची, हे कागदोपत्री ठरेपर्यंत वेळ जातो. सर्वांनाच चतुर्थीचा पंधरवडा हवा असतो, पण एका पंधरवड्यात श्रोता किती गाणी ऐकणार, यालाही मर्यादा आहे. पैसा गुंतवणाऱ्याने योग्य वेळेची वाट पाहणे गैर नाही. १९९० च्या दशकात अमेरिकी गायक प्रिन्स आणि वॉर्नर ब्रदर्स यांच्यात झालेल्या गाजलेल्या वादाचे मूळ यातच होते. प्रिन्सला आपले संगीत भराभर प्रसिद्ध करायचे होते. इतक्या वेगाने अल्बम काढले तर एक दुसऱ्याला मारील, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रिन्सने गालावर ‘गुलाम’ असा शब्द लिहून निषेध नोंदवला. व्यापाराच्या दृष्टीने कंपनीचा युक्तिवाद अगदीच निराधार होता, असे म्हणता येणार नाही. पण गायलेले गाणे कधी ऐकवायचे, हे गायकाला ठरवता येत नाही, ही त्याची व्यथाही खोटी नव्हती.

प्रिन्सकडे निदान वाद घालण्याचे बळ होते. नाव मोठे असूनही गाणे अडकल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. लता मंगेशकर यांनी १९९० च्या दशकात विशाल भारद्वाज यांच्या संगीतात गुलजार यांचे ‘ठीक नहीं लगता’ हे गीत गायले. ज्या चित्रपटासाठी ते होते तो चित्रपट झाला नाही, गाण्याची फीत हरवली आणि ती सापडल्यावर २८ सप्टेंबर २०२१ रोजी, लताबाईंच्या ब्याण्णव्या वाढदिवशी, गाणे लोकांसमोर आले. पुढच्याच फेब्रुवारीत त्या गेल्या. लताबाईंच्या गाण्याला दोन तपांहून अधिक काळ लागत असेल, तर मालवणच्या गायकाने कोणत्या आशेवर राहायचे?

अमेरिकेतील जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाचे ६ मार्च १९६३ रोजी ध्वनिमुद्रित झालेले संगीत तर २०१८ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी प्रसिद्ध झाले. कंपनीकडची मूळ फीत तोवर नाहीशी झाली होती. वाचली ती कोल्ट्रेनने स्वतः घरी नेलेली प्रत. ज्याच्याकडे हक्क होते त्याच्याकडे फीत राहिली नाही आणि ज्याच्याकडे फीत होती त्याच्याकडे हक्क नव्हते. प्रत्येक कलावंताने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

कायदा काय सांगतो

भारतीय प्रतिलिप्याधिकार कायदा, १९५७ या प्रश्नावर अगदीच गप्प नाही. कलम १९ (४) नुसार, ज्याच्याकडे हक्क हस्तांतरित झाले त्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही, तर त्या हक्कांपुरते हस्तांतरण संपुष्टात आल्याचे मानले जाते. म्हणजे गाणे वर्षभर पडून राहिले, तर ते ज्याचे त्याच्याकडे परत जाते. मात्र याच कलमाच्या शेवटी ‘करारात वेगळे नमूद केले नसल्यास’ अशा आशयाचा अपवाद आहे आणि छापील करारांमध्ये ‘कलम १९ (४) लागू होणार नाही’ हे वाक्य सर्रास आढळते. कायद्याने एका हाताने दिलेले संरक्षण कराराच्या एका ओळीने काढून घेतले जाते. बहुतेक कलावंत ती ओळ वाचत नाहीत. वाचली तरी ती इंग्रजीत असते.

दुसरी अडचण त्याहून मूलभूत आहे. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक गायक नसून निर्माता असतो, म्हणजे ज्याने पुढाकार व जबाबदारी घेतली तो. स्टुडिओचे भाडे कंपनीने भरले असेल, तर मूळ ध्वनिमुद्रणावर कलम १९ (४) चा आधार गायकाला मिळत नाही, कारण त्याने ते हस्तांतरित केलेलेच नसते. गीतकार व संगीतकार यांचे शब्द आणि चाल यांपुरताच हा आधार राहतो. कलम ३१ मधील सक्तीच्या परवान्याची तरतूदही आधी प्रसिद्ध झालेल्या किंवा जाहीरपणे सादर झालेल्या कृतींसाठी आहे. कधीच बाहेर न आलेल्या ध्वनिमुद्रणाला ती कामाची नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनातील समान वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. ती महत्त्वाची होती, यात शंका नाही. पण अप्रकाशित गाण्याचे उत्पन्न शून्य असते आणि शून्याचा अर्धा वाटाही शून्यच असतो. त्यातही विसंगती अशी की, ध्वनिमुद्रणाच्या हक्काची साठ वर्षांची मुदत मोजली जाते ती प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून. वझेबुवांच्या हयातीतील तबकड्यांची मुदत कधीच संपली. त्या आज कोणीही ऐकवू शकतो. पण जे गाणे प्रसिद्धच झाले नाही, त्याची मुदत सुरूही होत नाही. दडवून ठेवणाऱ्याला कायदा दंड करीत नाही, उलट त्याचे घड्याळ थांबवून धरतो.

आता कंपनीची गरजच काय, गायकाने स्वतःच गाणे इंटरनेटवर टाकावे, असे कोणी म्हणेल. अनेक तरुण मालवणी कलावंत तसे करीत आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु आधीच करारात गेलेल्या गाण्यांना हा मार्ग बंद आहे. तेच गाणे पुन्हा गाऊन प्रसिद्ध केले, तर कंपनी हक्क सांगून ते काढायला लावू शकते. आणि दशावतारातील किंवा भजनातील ज्येष्ठ मंडळी, ज्यांच्याकडे या कलेचा खरा साठा आहे, तीच या तंत्रापासून सर्वांत दूर आहेत.

तारीख हवी

उपाय मोठे नाहीत. करारात तीन गोष्टी लिहून घेतल्या तरी पुष्कळ साधेल. ध्वनिमुद्रण पूर्ण झाल्यापासून किती महिन्यांत ते प्रसिद्ध होईल, याची मुदत. त्या मुदतीत ते न झाल्यास, हवे तर कंपनीचा खर्च परत करून, गाणे परत मिळण्याची अट. आणि अंतिम ध्वनिमुद्रणाची एक प्रत कलावंताच्या हाती. याखेरीज कलम १९ (४) बाद करणारे वाक्य खोडावे. एकटा बुवा हे मागू शकणार नाही. भजनी मंडळांच्या आणि दशावतारी कलावंतांच्या संघटनांनी मराठीतील एक नमुना करार तयार करून तो आपल्या सभासदांच्या हाती दिला, तर मागता येईल. शासनानेही लोककलावंतांसाठीच्या आपल्या योजनांमध्ये अशा कायदेविषयक साहाय्याला जागा द्यावी. संसदेला खरोखर काही करायचे असेल, तर कलम १९ (४) मधील तो अपवाद काढून टाकणे हे सर्वांत सोपे काम आहे.

मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरावीक तिथीला होत नाही. देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि तोवर कोणालाच तो ठाऊक नसतो. पण कौल होतो, दिवस जाहीर होतो आणि लाखो माणसे त्याप्रमाणे रजा काढून निघतात. वाट पाहणे कोकणाला नवे नाही आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नाही. ज्या वाट पाहण्याला शेवटची तारीखच नाही, तिच्याबद्दल मात्र तक्रार करायला हवी. ती कराराच्या कागदावर सही करण्यापूर्वी केली, तरच तिचा उपयोग आहे.