विश्लेषण : उड्डाणपूल वाढले, तरी पुण्याची कोंडी का सुटत नाही?

१० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद. ‘टॉमटॉम’च्या २०२४च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथ्या क्रमांकावर होते, ते या आकड्यामुळे. म्हणजे वेग ताशी जेमतेम १८ किलोमीटर. सायकलही फार मागे राहणार नाही.

पूल बांधूनही कोंडी का?

रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागी ठरते. पुलावरून सुसाट उतरलेली वाहने पुढच्या सिग्नलला अडकतात. कोंडी सुटत नाही, फक्त पुढे सरकते. शिवाय रस्ता मोकळा दिसला की एरवी टाळली जाणारी फेरीही गाडीनेच होते आणि रस्ता पुन्हा भरतो. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल तर २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडावे लागले.

मग जागा जाते कुठे?

५० जण एका बसमध्ये मावतात आणि ती बस साधारण १२ मीटर जागा घेते. कारमध्ये सरासरी दीड माणूस धरला, तर त्याच ५० जणांना ३३ कार लागतील. त्यांची रांग दीडशे मीटरहून लांब होईल. त्यात दोन मार्गिकांच्या रस्त्यावर एका कडेला गाड्या उभ्या असतील, तर निम्मा रस्ता आधीच गेलेला असतो.

मेट्रो पुरेशी नाही का?

पुण्यात मेट्रो मार्च २०२२ मध्ये धावू लागली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. पण स्थानक ते घर या टप्प्यात वेळेवर बस नसेल, चालण्याजोगा पदपथ नसेल, तर माणूस दुचाकीच बाहेर काढणार.

उपाय काय?

• पीएमपीच्या बस वाढवणे, त्यांना स्वतंत्र मार्गिका देणे
• मुख्य रस्त्यांवरील फुकट पार्किंग बंद करणे
• पदपथ मोकळे करणे
• मेट्रो स्थानकांना जोडणाऱ्या छोट्या बस

यात नवे काहीच नाही. बीआरटीचा प्रयोग पुण्याने २००६ मध्येच केला होता. तो अर्धवट राहिला आणि नगर रस्त्यावरची मार्गिका तर काढूनच टाकली गेली. पूल बांधताना कोणी नाराज होत नाही. बससाठी मार्गिका राखली किंवा पार्किंगला पैसे लावले की ओरड होते. ती ओरड सोसण्याची तयारी महापालिका दाखवणार का, हाच खरा प्रश्न आहे. रस्त्यावरून किती गाड्या गेल्या, यापेक्षा किती माणसे गेली, हे मोजायला लागल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.