यंत्राला डोळे नसतात

नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ठाण्याहून लोकलने मी डोंबिवलीला घरी पोहोचते तेव्हा पाच वाजलेले असतात आणि सासूबाईंचा चौविहार असतो. हातात जेमतेम तासभर!

मिक्सरमध्ये गरम डाळ घालता येत नाही; वाफेने झाकण उडतं. हँड ब्लेंडर मात्र थेट पातेल्यात चालतो. डाळ गार होण्याची वाट नाही, भांडं घासणं नाही. दुधीचं सूप, टोमॅटोची ग्रेव्ही दोन मिनिटांत होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ही चैन नाही, सोय आहे.

घेताना दांडा स्टीलचा आणि सुटा होणारा घ्या. गरम पदार्थात प्लास्टिक नको. आपल्या रोजच्या कामाला अडीचशे-तीनशे वॅट पुरतात. कोरडे मसाले मात्र त्यात दळू नका. पातं पूर्ण बुडाल्यावरच बटण दाबा, आणि मध्ये थांबून मोटरला विसावा द्या.

पण मैत्रिणींनो, घाईत जयणा सुटू देऊ नका. डाळ, पालक आधी उजेडात नीट निवडून घ्या. पातं फिरल्यावर काहीच वेगळं काढता येत नाही. आणि पात्यात अडकलेलं पान काढण्याआधी प्लग काढा. मी एकदा विसरले, बोटाला तीन टाके पडले.

ताकाला मात्र आमच्याकडे अजून रवीच. ते काम सासूबाईंचं, आणि ते त्यांच्याकडून काढून घ्यायची मला काही घाई नाही.