सर्जनने स्कॅन स्वतः वाचावा

चार्ल्स मार्टेल हे अमेरिकी व्यापारी जहाजावरचे कप्तान. त्यांची हाडं ठिसूळ होऊन मोडत होती, मूत्रपिंडांत खडे होत होते, उंची अर्ध्या फुटाहून अधिक घटली होती. दोष रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथीत आहे, हे डॉक्टरांनी ओळखलं होतं. ती बिघडलेली ग्रंथी आहे कुठे, हेच कळत नव्हतं. सहा शस्त्रक्रिया वाया गेल्या. १९३२ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सातव्या खेपेला छाती उघडली, तेव्हा गाठ छातीच्या हाडामागे सापडली. काही आठवड्यांतच मार्टेल यांचा मृत्यू झाला.

आज ही शोधाशोध शस्त्रक्रियेआधीच होते. सोनोग्राफी, किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेला सेस्टामिबी स्कॅन आणि वेळेनुसार होणारे बदल टिपणारं फोर-डी सीटी हाताशी आहेत. गळ्यात साधारणपणे मसुराच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. आजार झालेल्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक रुग्णांत त्यांपैकी एकच वाढलेली असते. ती आधी सापडली, तर छोट्याशा छेदातून काम भागतं.

पण या प्रतिमा सर्जनने स्वतः पाहायलाच हव्यात. रिपोर्टाच्या तळाशी लिहिलेला निष्कर्ष वाचून रुग्णाला टेबलावर घेणं धोक्याचं आहे.

वरची ग्रंथी वाढून जड झाली की अन्ननलिकेच्या कडेने मागे आणि खाली घसरते. समोरून घेतलेल्या चित्रात ती खालच्या ग्रंथीच्या जागी दिसते आणि रिपोर्टात ‘डावी, खालची’ अशी नोंद होते. तीच गाठ सीटीवर बाजूने पाहिली, तर ती थायरॉइडच्या बरीच मागे असल्याचं लक्षात येतं. वरच्या ग्रंथी सहसा आवाजाच्या नसेच्या मागे असतात, खालच्या पुढे. कुठे शोधायचं आणि नस कुठे जपायची, हे यावरूनच ठरतं.

यात रेडिओलॉजिस्टचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही. थायरॉइडची साधी गाठही सेस्टामिबी स्कॅनमध्ये उजळते. ती ओळखायला सरावलेली नजर लागते. दोघांनी शेजारी बसून स्कॅन पाहिला, तर एकाचं निरीक्षण दुसऱ्याच्या अनुभवाशी ताडून पाहता येतं.

स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही, तर? निदान स्कॅनवर नव्हे, रक्तातल्या कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनवर होतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सर्जनांच्या संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केलं आहे: स्कॅन कोरा आला म्हणून रुग्णाला सर्जनकडे पाठवणं थांबवू नये. अनुभवी सर्जन चारही ग्रंथी तपासून दोषी ग्रंथी शोधू शकतो. जॉन डॉपमन स्वतः रेडिओलॉजिस्ट होते, तरी आधी अनुभवी सर्जन शोधा, असंच त्यांचं सांगणं होतं.

भारतात हा आजार अनेकदा हाडं दुखू लागल्यावर किंवा मुतखडे झाल्यावरच उघडकीस येतो. म्हणून वारंवार मुतखडा होणाऱ्या प्रत्येकाचं कॅल्शियम तपासलं जावं. शस्त्रक्रिया ठरलीच, तर रुग्णाने रिपोर्टासोबत स्कॅनची सीडीही मागून घ्यावी आणि सर्जनने ती पाहिली का, हे निःसंकोच विचारावं. रुग्णालयांनीही अशा प्रत्येक शस्त्रक्रियेआधी सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र स्कॅन वाचण्याचा नियम करावा. जिथे अशा शस्त्रक्रिया वर्षातून दोन-चारच होतात, तिथून रुग्णाला लखनौच्या संजय गांधी संस्थेसारख्या, एंडोक्राइन सर्जरीचा स्वतंत्र विभाग असलेल्या ठिकाणी पाठवावं.