सगळ्यांनी मिळून बघावे असे काही

वाचकांच्या पत्रांत आणि शाळेच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो: मुलांना काय बघू द्यावे? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'काय बघू देऊ नये' याची यादी हवी असते. ती यादी खरे तर प्रत्येक घरात आधीच तयार असते. अब्बांची एक, दादीची दुसरी, आणि शेजारच्या खालांची या दोन्हींहून लांब. नको म्हणायला सगळे पुढे असतात. पण 'मग काय बघू?' असे पोराने विचारले की घर गप्प होते. पोरगा मोबाइल घेऊन पलीकडच्या खोलीत जातो आणि मोबाइलला जे दाखवायचे असते ते बघत बसतो.

म्हणून या महिन्यात नकाराची यादी बाजूला ठेवून आम्ही काही नावे सांगणार आहोत. ही नावे मोबाइल आपणहून पुढे करत नाही, ती मागावी लागतात. थोडी शोधाशोध करावी लागेल, आणि एकट्याने कानात दट्ट्या घालून बघण्यात त्यांची मजा नाही.

पहिले नाव इराणचे. 'खाना-ए-दोस्त कुजास्त', म्हणजे 'मित्राचे घर कुठे आहे'. दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी, वर्ष १९८७. उत्तर इराणमधले कोकेर नावाचे खेडे. वर्गात गुरुजी एका मुलाला झापतात, कारण त्याने गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर केला आहे. पुन्हा असे झाले तर शाळेतून काढून टाकीन, असा दम देतात. संध्याकाळी त्याच्या बाकावरचा मित्र अहमद घरी येऊन दप्तर उघडतो, तर आत दोन वह्या. एक स्वतःची, दुसरी त्या मित्राची. दोन्हींची पुठ्ठे सारखी, त्यामुळे चुकून आलेली. मित्र राहतो शेजारच्या पोश्तेह गावात, टेकडीपलीकडे. घर नेमके कुठे, ते अहमदला ठाऊक नाही. वही आज पोहोचली नाही तर उद्या मित्राची शाळा संपली.

गोष्ट एवढीच. मारामारी नाही, खलनायक नाही. तरी दीड तासापेक्षा कमी वेळात जीव टांगणीला लागतो, कारण या पोराचे कुणीही मोठे माणूस ऐकून घेत नाही. तो आईला सांगतो, ही माझ्या मित्राची वही आहे. आई म्हणते, गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो. आई म्हणते, बाळाला झोका दे. पुन्हा सांगतो, तर रोटी आणायला पाठवते. आई दुष्ट नाही, कामात आहे. आजोबा तर त्याला सिगारेट आणायला पिटाळतात आणि मागाहून शेजाऱ्याला सांगतात की सिगारेट माझ्या खिशातच आहे, पोराला शिस्त लागावी म्हणून पाठवले.

सातवीच्या वर्गाला आम्ही हा चित्रपट दाखवला. पहिली दहा मिनिटे चुळबुळ झाली. 'फोन का नाही करत?' हा प्रश्न एकाने विचारला, तो यायचाच होता. आजोबांचा प्रसंग आला आणि वर्ग शांत झाला. संपल्यावर एक मुलगी म्हणाली, 'त्याची अम्मी ऐकतच नाही. आमच्या घरी पण असंच असतं.' ती तक्रार करत नव्हती, निरीक्षण सांगत होती. पुढच्या पालकसभेत हाच चित्रपट पालकांना दाखवावा, असे आमच्या तेव्हाच मनात आले. शेवट इथे सांगत नाही. फक्त वहीत एक फूल आहे, ते लक्षात ठेवा.

उर्दू शिकणाऱ्या घरांना यात आणखी एक गंमत सापडेल. अहमद ज्या वहीसाठी धावतो तिला फारसीत 'दफ्तर' म्हणतात. आपल्या मराठी पोरांच्या पाठीवरचे दप्तर तेच. गृहपाठाला तिथे 'मश्क' म्हणतात, उर्दूत मश्क म्हणजे सराव. 'खाना' म्हणजे घर, ते दवाखाना आणि कारखाना यांत आपण रोज वापरतो. मुलांना असे शब्द पकडण्याची पैज लावा. ज्या संस्थेने चित्रपट काढला तिचे नावही ऐकून घ्या: 'कानून'. हा कानून छोट्या काफने लिहितात आणि त्याचा कायद्याशी संबंध नाही. मुलांच्या बौद्धिक वाढीसाठी इराणमध्ये १९६५ साली सुरू झालेली ही संस्था. पुस्तके, वाचनालये आणि मुलांसाठीचे चित्रपट हे तिचे काम.

चित्रपटातली मुले त्याच भागातली, नट नव्हेत. १९९० साली त्या भागात मोठा भूकंप झाला. ती मुले जिवंत आहेत का हे शोधायला कियारोस्तामी गाडी काढून गेले, आणि त्या शोधावरच त्यांनी १९९२ साली दुसरा चित्रपट केला. तो मोठ्यांनी बघावा.

इराणी चित्रपट म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना माजिद मजिदींचा १९९७ चा 'बच्चेहा-ये-आसमान' आठवतो. बहीणभाऊ मिळून बुटांचा एकच जोड वापरतात, तो. ऑस्करच्या यादीत पोहोचलेला तो पहिला इराणी चित्रपट, आणि प्रियदर्शनने त्यावरून हिंदीत 'बम बम बोले'ही केला. चांगलाच आहे, पण तो डोळ्यांत पाणी आणायचे ठरवून बसलेला असतो. दोन्हींतला एकच बघायला वेळ असेल तर आमचे मत कियारोस्तामींना.

आता आपल्या देशात येऊ. हिंदी पडद्यावर आपली माणसे फार वर्षे नवाब, कव्वाल किंवा मालकासाठी जीव देणारे चाचा होती. मग ती गँगस्टर झाली, नंतर अतिरेकी. रेशनच्या रांगेत उभा असलेला, मुलाच्या फीची चिंता करणारा, शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडणारा मुसलमान पडद्यावर शोधावा लागतो. वाईट याचे वाटते की तो जिथे सापडतो ते चित्रपट आपल्याच घरांत फारसे पाहिलेले नाहीत.

त्यांतला आमचा सर्वांत आवडता 'मम्मो'. श्याम बेनेगल, १९९४. पटकथा खालिद मोहम्मद यांची, आणि ती त्यांच्याच घरातल्या आठवणींतून आलेली. मुंबईच्या लहानशा घरात फय्याजी आणि तिचा किशोरवयीन नातू रियाज राहतात. एक दिवस पाकिस्तानातून फय्याजीची बहीण मम्मो येते. मम्मो म्हणजे महमूदा बेगम. फाळणीआधी इथेच जन्मलेली, नवऱ्याबरोबर तिकडे गेलेली. नवरा गेल्यावर मालमत्तेसाठी सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. आता उरले फक्त बहिणीचे घर, आणि तेही व्हिसाची मुदत असेपर्यंत. मुदत संपत आली की पोलीस ठाण्याच्या खेपा, अर्ज, विनंत्या, टेबलाखालचे पैसे.

मम्मो झाल्या आहेत फरीदा जलाल. हिंदी चित्रपटांत ज्यांना आपण वर्षानुवर्षे गोड आई म्हणून बघितले, त्याच. इथे त्या बडबड्या, हट्टी, नको तिथे नाक खुपसणाऱ्या आणि तरी हव्याहव्याशा वाटणाऱ्या. समोर सुरेखा सिकरी: कोरडी, खर्चाचा हिशेब ठेवणारी, बहिणीवर वैतागणारी बहीण. या भूमिकेसाठी सुरेखाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन म्हाताऱ्या बहिणी स्वयंपाकघरात एकमेकींना टोमणे मारतात तेव्हा आम्हांला आमच्या घरातल्या दोन फुफ्या दिसतात. आणि वयात येणारा रियाज. त्याला या आजीची आधी लाज वाटते, मग तिचा लळा लागतो, आणि तिला न्यायला पोलीस येतात तेव्हा तो काहीच करू शकत नाही.

कोकणातल्या कित्येक घरांची एखादी खाला कराचीला आहे. लग्नाचे फोटो येतात, मयतीच्या बातम्या येतात, माणूस येत नाही. अशा घरातल्या मुलांना फाळणी हा इतिहासाच्या पुस्तकातला चार गुणांचा प्रश्न असतो. 'मम्मो' बघितल्यावर तीच मुले दादीला विचारतात, आपले कोण गेले होते? हा प्रश्न दादी बरीच वर्षे कुणी तरी विचारील म्हणून बसलेली असते. चित्रपटाचा शेवट दुःखाचा होईल असे वाटत असताना या बहिणी सरकारी कागदांवर जो उपाय काढतात, त्याने हसूही येते. तो तुम्हीच बघा.

सईद अख्तर मिर्झांचा 'नसीम' (१९९५) त्याच्या शेजारी ठेवावा, पण लहान मुलांसाठी नव्हे. दहावीच्या पुढे चालेल. १९९२ सालच्या जून ते डिसेंबरमधली मुंबई, शाळेत जाणारी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले दादा. दादांची भूमिका चक्क शायर कैफी आझमींनी केली आहे. बाहेर शहर तापत चालले आहे आणि ते नातीला आग्र्याच्या जुन्या गोष्टी सांगत आहेत. तुम्ही पाकिस्तानात का गेला नाहीत, या प्रश्नाला ते घरासमोरच्या एका झाडाचे कारण देतात. दादीला ते झाड आवडायचे म्हणून. आम्ही या विषयावर पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. त्यातले एकही इतके पटलेले नाही.

मालिकांमध्ये एकच नाव. दूरदर्शनवरची 'मिर्झा गालिब' सगळ्यांना आठवते, पण त्यानंतर थोड्याच वर्षांत आलेली 'कहकशां' फार थोड्यांना. निर्मिती अली सरदार जाफरींची, दिग्दर्शन जलाल आगांचे, संगीत जगजीत सिंगांचे. हसरत मोहानी, जिगर, जोश, फिराक, मजाज आणि मखदूम या सहा शायरांची आयुष्ये तीत आहेत. सेट आज साधे वाटतात, चाल संथ आहे. पण तुरुंगात चक्की पिसता पिसता गझल रचणारे हसरत मोहानी एकदा डोळ्यांसमोर उभे राहिले की धड्यातली गझल पाठ करावी लागत नाही. उर्दूच्या शिक्षकांनी तरी ही मालिका बघावीच.

संगीताबद्दल घरोघरी वेगवेगळे मत आहे, तो वाद इथे काढत नाही. ज्यांना ऐकायला हरकत नाही त्यांनी शाहीर अमर शेख यांचा आवाज शोधावा. १९१६ साली बार्शीत जन्मलेले महबूब हुसेन पटेल, तेच पुढे अमर शेख. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजासाठी मैदाने भरत. १९६१ च्या 'प्रपंच' या मराठी चित्रपटात त्यांनी कुंभाराचे काम केले आहे. त्यातले कुंभाराच्या चाकाचे गाणे सुधीर फडके यांच्या आवाजात घराघरात वाजते, पण तो कुंभार कोण हे फार थोड्यांना सांगता येते. आपल्या मुलांना अधूनमधून कुणी तरी ऐकवते की मराठी काही तुमची भाषा नाही. अशा मुलांच्या कानावर हा आवाज लवकर पडलेला बरा.

शेवटी व्हिडिओ गेम. 'आमचा मुलगा गेममधून उठतच नाही' म्हणणाऱ्या पालकांना आमच्याकडून गेमची शिफारस विचित्र वाटेल. पण गेम म्हणजे बंदूकच असे कुठे आहे? महदी बहरामी या इराणी तरुणाने २०१७ साली 'एंगारे' नावाचा खेळ आणला. त्यात शत्रू नाहीत, गोळ्या नाहीत. पडद्यावर एखादे चाक फिरते, सळई सरकते, एका आकारावर दुसरा आकार लोळतो. त्या हलणाऱ्या आकारावर आपण एक ठिपका ठेवायचा. आकार फिरू लागला की ठिपक्यामागे रेघ उमटत जाते. दिलेल्या नक्षीशी ती जुळली तर जिंकलात. ठिपका केसभर सरकला तरी भलतीच नक्षी तयार होते. सुरुवातीला साधे वळण, मग पाकळ्या, मग तारे, आणि खेळता खेळता लक्षात येते की मशिदींच्या फरशांवर आणि कमानींवर आपण जे बघत आलो ते असेच भूमितीतून उमललेले आहे. स्वतःची नक्षी काढायचीही सोय आहे. गणिताला घाबरणारी मुले यात तासभर डोके घालून बसलेली आम्ही पाहिली आहेत.

यंदाची सहल बीबी का मकबऱ्याला न्यायचा विचार आहे. दरवर्षी मुले तिथे फोटो काढतात, चिवडा खातात आणि परत येतात. या वेळी संगमरवरी जाळीसमोर उभे करून त्यांना एकच विचारायचे ठरवले आहे: ही नक्षी काढायची असती तर ठिपका कुठे ठेवला असता?