येरळेकाठचे तीन दिवस

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आणि शनिवार धरून तीन दिवसांची सुट्टी मिळाली. अशा सुट्टीत आपल्याकडची गर्दी महाबळेश्वर-पाचगणीला जाते, नाहीतर कासच्या पठारावर, जिथे जानेवारीत फुलांचा पत्ताही नसतो. आम्ही उलट दिशेला, दुष्काळी पट्ट्यात गेलो. विट्याला मामूंच्या घरी मुक्काम आणि तिथून मायणी, येरळवाडी, सागरेश्वर. निमित्त मामेभावाचे. तो केनियात नोकरीला आहे, घरच्या लग्नासाठी महिनाभर आला होता. तिकडे सुट्टी मिळाली की जीप करून रानात जायचे आणि पक्षी पाहायचे, हा त्याचा छंद. शहामृगांचे, रोहित पक्ष्यांनी गुलाबी झालेल्या तळ्याचे फोटो दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "इधर क्या है देखने को?" मामूंनी उत्तर दिले नाही. पंचाहत्तरीचा माणूस. फक्त म्हणाले, "फजर के बाद निकलेंगे."

मायणीचा तलाव खटाव तालुक्यात आहे. विट्याहून गाडीने तासाभराच्या आतच. २०२१ मध्ये सरकारने हा परिसर पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. तिकीट नाही, जीप नाही, हॉटेल तर नाहीच. बाभळीच्या सावलीत सतरंजी टाकायची आणि गप्प बसायचे. माझी दोन्ही मुले पहिली दहा मिनिटे कंटाळली. मग धाकट्याला पाण्यावर काळेकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा लावलेले पक्षी दिसले. मराठीत त्यांना 'वारकरी' म्हणतात, हे कळल्यावर तो खूश झाला. आषाढीची वारी त्याने लोणंदला पाहिलेली आहे. नंतर एकेक दिसत गेले. फावड्यासारख्या चोचीचे थापटे, गुलाबी काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, मिनिटामिनिटाला बुडी मारणारी टिबुकली, आणि नारिंगी रंगाची चक्रवाकांची जोडी. चक्रवाक आणि थापटे दूर उत्तरेतून, हिमालय ओलांडून येतात आणि मार्चअखेर परत निघतात. मामेभाऊ दुर्बिणीतून डोळा काढेना.

दुसऱ्या दिवशी येरळवाडी. त्याला तिथले रोहित दाखवायचे होते. पूर्वी या धरणावर आणि आसपासच्या तलावांवर ते हिवाळ्यात येत, त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येत. आम्हाला एकही दिसला नाही. धरण काठोकाठ भरलेले होते.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रोहित हा उथळ पाण्यातला पक्षी. गुडघाभर पाण्यात उभा राहून मान खाली घालतो, चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळून त्यातले बारीक जीव खातो. पाणी खोल झाले की त्याचे ताट उचलले गेले म्हणायचे. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीत पाणी आटून काठ उघडे पडत आणि तेच त्याला हवे असे. आता जिहे-कठापूर योजनेने कृष्णेचे पाणी उचलून नेर तलावात येते आणि तिथून येरळेत उतरते.

काठावर म्हशी धुणाऱ्या एका चाचांना आम्ही विचारले. ते म्हणाले, "पूर्वी ह्या दिवसांत टँकरची वाट बघायचो. आता पाणी आहे. पाखरांना दुसरं तळं सापडंल, आमच्या जनावरांना कुठलं सापडायचं?" खटाव-माणच्या माणसाला यावर दुसरे काही सांगायची माझी छाती नाही. पाणी आले हे चांगलेच झाले. पण त्यांच्या शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला की रोहित चार वर्षांपूर्वीपर्यंत येत होते. चाचा म्हणाले, छे, आठ वर्षे झाली. तिसऱ्याच्या मते गेल्या सालीही पाच-सहा उतरले होते. तिघेही तिथलेच, तिघेही खरे बोलणारे, आणि लिहून कुणीच ठेवलेले नाही. धरणाचा एखादा कोपरा उथळ राहू द्या, असे उद्या कुणाला पाटबंधारे खात्याकडे मागायचे असेल तर हातात काय घेऊन जायचे?

रोहित नव्हते, पण पलीकडच्या काठावर पट्टकादंब होते, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले राखी हंस. ७ हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवरून हिमालय ओलांडताना त्यांची नोंद झालेली आहे. मोठ्या मुलीने मोजले, एकवीस. मामूंनी मोजले, चोवीस. तिसऱ्यांदा मोजेपर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलच्या हॉर्नने सगळे उडाले. वहीत "२१ ते २४" असे लिहिले.

दुपारी माळावर गेलो आणि तिथे मामूंचे राज्य सुरू झाले. कुसळी गवत, मुरूम, मधूनच एखादी बोर. आम्हाला काहीच दिसेना. मामू थांबले, हात वर केला आणि म्हणाले, "तितर. दो हैं. नर इधर है." पाचेक मिनिटांनी खरोखरच दोन तितर बोरीमागून चालत बाहेर आले. हे ज्ञान कुठून आले ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरुणपणी मामू पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवत, तो बोलला की रानातला नर भांडायला यायचा आणि जाळ्यात सापडायचा. लाव्यांसाठी वेगळी जाळी असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तितर-लाव्याची शिकार गुन्हा झाली. मामूंनी जाळे कधी सोडले ते ते सांगत नाहीत. आजही काही पोरे रात्री बॅटरी घेऊन माळावर जातात आणि घरात ते कौतुकाने शिजते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते बंद व्हायला हवे, एवढे मी स्पष्ट लिहिते.

पण शिकारीतून आलेले हे कान मामूंबरोबर जाऊ नयेत, असेही वाटते. हिंदुस्तानातल्या सर्वांत मोठ्या पक्षितज्ज्ञाची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीनेच झाली होती. सालिम अली १८९६ मध्ये मुंबईत जन्मले. लहानपणीच पोरके झाले आणि मामू अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. मामू शिकारीचे शौकीन. पोराने एक चिमणी मारली तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कोणती, असे विचारल्यावर मामूंनाही सांगता येईना, म्हणून त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. ती रानचिमणी होती. पुढे १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सालिम अलींनी सुगरण पक्ष्याची घरटी दिवसेंदिवस पाहिली आणि लिहून काढली. आपण नाव दिले सुगरण, पण विणतो नर. अर्धे घरटे झाले की मादी येऊन पाहते, पसंत पडले तर राहते. मग हा नर बाजूला दुसरे घरटे विणायला घेतो, दुसरीसाठी! हे ऐकून माझी मुलगी जे म्हणाली ते छापण्यासारखे नाही. येरळेच्या एका विहिरीवर गेल्या पावसाळ्यातली रिकामी घरटी अजून लोंबत होती. त्यातली तीन अर्धवट होती, म्हणजे नापसंत झालेली.

संध्याकाळी परतताना रस्त्याकडेला हुदहुद दिसला, डोक्यावर पंख्यासारखा तुरा, लांब चोचीने माती टोकरत. सुलैमान अलैहिस्सलाम यांच्याकडे सबाच्या राणीची खबर आणणारा हाच, हे धाकट्याला सूरह नम्लमुळे माहीत होते. तो इतका जवळ आणि इतका साधा असेल असे त्याला वाटले नव्हते. तो कुजबुजला, "अम्मी, हा आपल्या मदरशाच्या मैदानात पण येतो."

तिसरा दिवस सागरेश्वरला गेला. कडेगाव तालुक्यातली ही टेकडी एकेकाळी उघडी बोडकी होती. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या खटपटीने तिथे झाडे उभी राहिली आणि १९८५ मध्ये अभयारण्य झाले. हरणे दिसतात म्हणून लोक जातात, पण पहाटे गेलात तर नुसते आवाज ऐकत चाला. उतरल्यावर ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते तो संगम पाहिला. तिथे सुरय पक्षी पाण्यावर सूर मारत होते. मुलांना मात्र काठापासून लांब ठेवले. या भागात कृष्णेत मगरी आहेत.

मामेभाऊ परतीच्या वाटेवर गप्प होता. मग त्याने मोबाईलमधला एक फोटो काढून मामूंना दाखवला. काळा-पांढरा, तुरेवाला पक्षी, काटेरी झुडपावर बसलेला, केनियातला. मामू म्हणाले, "ये तो चातक है. बारिश के पहले आता है." आणि ते खरेच आहे. पावसाच्या तोंडावर जो चातक आपल्याकडे येतो तो आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो. बाप आणि लेक दोघांनीही तोच पक्षी पाहिला होता, एकाने जूनमध्ये विट्याच्या माळावर, दुसऱ्याने आफ्रिकेच्या रानात.

ज्यांना जायचे असेल त्यांनी रमजान सुरू होण्याआधीचा एखादा रविवार काढावा. उन्हे चढली की पक्षीही सावली धरतात, म्हणून नऊच्या आत तलावावर पोहोचा. मळकट रंगाचे कपडे घाला. फोटोसाठी खडे मारून थवा उडवू नका. हजारो मैल उडून आलेल्याला तिथे खायला आणि दमायला वेळ लागतो. दुर्बीण नसली तरी अडत नाही. वही हवी. तारीख, वेळ, ठिकाण, कोणता पक्षी, किती. नाव येत नसेल तर चोच, पाय, रंग. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. तो मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि सालिम अलींच्या जन्मदिवशी संपतो. तेव्हा पुन्हा त्याच तलावावर जा आणि वही पुढे लिहा. मायणी-येरळवाडीला जाणाऱ्यांनी पाणी कुठपर्यंत आहे आणि उघडा काठ किती आहे, तेही लिहावे. रोहित दिसले नाहीत तर "दिसले नाहीत" असे तारखेसह लिहावे.